ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर प्रायव्हेट फोटोशूट करायचंय, इथूनच बुक करावं का? पहाटे की सूर्यास्ताला? सोबत आईबाबा पण आहेत

इथूनच बुक करा आणि पहाटेचं घ्या. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पण तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाललाय, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून, बायकोला पैठणीत फोटो हवेत आणि आईबाबा पण बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही पण सप्टेंबरमध्येच गेलो होतो आणि साडीतच शूट केलं होतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

बहुतेक लोक काय करतात की आधी इन्स्टावर फोटोग्राफर शोधतात, त्याचे फोटो बघून हरखतात, अॅडव्हान्स पाठवतात आणि मग वेळ कुठली ते त्याच्यावर सोडतात. तुम्ही उलटं करा. आधी गाव आणि वेळ पक्की करा, मग त्या गावात त्या वेळेला कोण मोकळं आहे ते बघा. कारण सँटोरिनीत फोटो चांगला येणं हे निम्मं तुम्ही किती वाजता उभे आहात यावर आहे, कॅमेरा कुठला यावर नाही.

ते का, तर बेटाचा आकार बघा. ज्वालामुखी फुटून मधला भाग समुद्रात गेला आणि उरली चंद्रकोर, आतल्या बाजूला काल्डेरा म्हणजे सरळ तुटलेला कडा, काही ठिकाणी 300 मीटर उंच, आणि त्याच्या काठावर फिरा नावाचं गाव, फिरोस्टेफानी, इमेरोविग्ली आणि उत्तर टोकाला इया ही पांढरी गावं. फिरा ते इमेरोविग्ली हा सगळा पट्टा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागून येतो, काठावरच्या गल्ल्या आणि गच्च्या बराच वेळ सावलीतच असतात, आणि चहूकडे पांढऱ्या भिंती असल्यामुळे तो उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. दुपारी अकरानंतर त्याच भिंती डोळ्यात घुसतात, फोटोत सगळ्यांचे डोळे बारीक आणि भिंतीचा नुसता पांढरा डाग. संध्याकाळचा उजेड सोनेरी आणि सुंदर असतो यात वाद नाही, पण तो बघायला अख्खं बेट इयाला येतं. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर लोक तास-दीड तास आधीपासून जागा धरून बसलेले असतात, तुमच्या फोटोत मागे निदान पन्नास अनोळखी डोकी आणि तेवढेच मोबाईल वर केलेले हात. फोटोग्राफर म्हणेल एडिटमध्ये काढतो. दोन-चार काढेल हो, पन्नास नाही काढणार.

सप्टेंबरच्या शेवटी तिथे सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो आणि सूर्यास्तही संध्याकाळी साधारण त्याच आकड्याला. जूनमध्ये सहालाच उजाडतं, त्यामानाने तुमचं बरंय, चारला उठायला लागणार नाही. पावणेसातला जागेवर उभं राहायचं असं ठरवा. क्रूझची माणसं बोटीतून फिराच्या जुन्या बंदरावर उतरतात, तिथून केबल कारने वर येतात आणि मग बसने इयाला पोचतात, म्हणजे साडेआठ-नऊपर्यंत गाव बऱ्यापैकी मोकळं मिळतं. 15,000च्या आसपास वस्ती असलेल्या बेटावर वर्षाला तीसेक लाख लोक येतात, तेव्हा हा दीड तास म्हणजे सोनं आहे. तरी निळ्या घुमटांच्या त्या प्रसिद्ध जागेवर तेव्हाही चार जोडपी नटूनथटून रांगेत असतातच, सगळ्यात आधी तीच जागा उरका.

राहायला फिरामध्ये असाल तर पहाटे इयाला जायचं कसं हे आत्ताच बघून ठेवा. टॅक्सी बेटावर मोजक्याच आहेत आणि बसच्या भरवशावर सूर्योदय गाठता येईल असं धरू नका. एक तर आदल्या रात्री इयालाच राहा किंवा फोटोग्राफरला सरळ विचारा की हॉटेलवरून घेऊन जाशील का. बरेच जण नेतात, थोडे पैसे जास्त घेतात.

आता फोटोग्राफर. आम्ही बघितलं तेव्हा एका तासाला 200 ते 400 युरोच्या दरम्यान भाव होते, त्यात 40-50 एडिट केलेले फोटो. फ्लायटोग्राफर, लोकलग्राफर अशा साइट्स आहेत, एअरबीएनबीवर एक्सपिरियन्समध्ये पण मिळतात. तिथे रिव्ह्यू असतात आणि पैसे कार्डने जातात हा फायदा. तिथलेच फोटोग्राफर स्वतःच्या वेबसाइटवरून थेट पण घेतात, आम्ही तसंच केलं. फक्त इन्स्टा अकाउंट आहे, वेबसाइट नाही, पावती नाही, पैसे कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या खात्यावर मागतोय, असं असेल तर नाद सोडा. दुसऱ्याचे फोटो उचलून आपले म्हणून टाकणारे कमी नाहीत. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याला सांगा की निवडक नको, एकाच जोडप्याची अख्खी गॅलरी दाखव. खरा असेल तर लिंक पाठवतो, आणि त्या गॅलरीतले तिसावे, पस्तिसावे फोटो बघा, तिथे कळतं माणूस किती पाण्यात आहे, पहिले पाच सगळ्यांचेच भारी असतात.

मेलवर लेखी घ्यायच्या गोष्टी: एकूण किती फोटो, ते कोण निवडणार, किती आठवड्यात देणार, वारा किंवा पाऊस असेल तर तारीख फुकट बदलणार का, आणि तुमचे फोटो तो स्वतःच्या पेजवर टाकणार का. शेवटचं महत्त्वाचं आहे, नको असेल तर सरळ नाही म्हणा, युरोपात ते ऐकावं लागतं. आणि कॅन्सलेशनचं कलम नीट वाचा. 2025च्या फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसत होते, हजारो लोक बेट सोडून अथेन्सला गेले, आणीबाणी जाहीर झाली. घाबरवत नाहीये, उन्हाळ्यात सगळं परत सुरू झालं होतं, पण अॅडव्हान्स परत मिळणार की नाही हे आधी माहीत असलेलं बरं.

तुम्ही विचारलंय की पुण्याहून ओळखीचा फोटोग्राफरच घेऊन गेलो तर? मित्र म्हणून आला आणि त्याने हौसेने फोटो काढले तर कोण काही म्हणत नाही. पण पैसे देऊन नेत असाल तर टुरिस्ट व्हिसावर ते काम धरलं जातं आणि त्याची परवानगी नसते. शिवाय त्याला कुठली गल्ली कुणाच्या अंगणात संपते ते माहीत नसतं, आणि इयामध्ये हाच खरा मुद्दा आहे. ते गाव म्हणजे कड्यात एकावर एक कोरलेली घरं, एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. ठिकठिकाणी पाट्या आहेत की बाबांनो तुमची सुट्टी आहे पण आमचं घर आहे, छपरावर चढू नका. लोक तरी साखळी ओलांडून चढतात. आम्ही सकाळी सातच्या सुमारास एका गल्लीत उभे होतो तेव्हा एक आजी दार उघडून झाडू घेऊन बाहेर आल्या, आमची फोटोग्राफर बाई लगेच कॅमेरा खाली करून "कालिमेरा" म्हणजे शुभ सकाळ म्हणाली, दोघी काहीतरी बोलल्या, आजींनी माझ्या साडीचा काठ दोन बोटांत धरून उलटून बघितला, जर मागच्या बाजूने कशी दिसते ते, मान हलवली आणि आम्हाला त्यांच्या निळ्या दारासमोर उभं राहायला सांगितलं. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. स्थानिक माणूस घेतला की हे मिळतं, आणि ते तास-दोनशे युरोच्या हिशोबात कुठे लिहिलेलं नसतं.

साडीचं आता. पैठणी न्या, बिनधास्त न्या, गडद रंगाची न्या. तिथे सगळं पांढरं, त्यात ऑफव्हाइट किंवा फिकट गुलाबी नेसलं तर माणूस भिंतीत विरघळतो. माझी हिरवी होती. लाल, जांभळी, राणी रंगाची पण उठून दिसेल. नऊवारी जमत असेल तर उत्तमच, पायऱ्या चढायला सहावारीपेक्षा कितीतरी सुटसुटीत. वारा हा तिथला कायमचा पाहुणा आहे, जुलै-ऑगस्टमध्ये तर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहतो, सप्टेंबर अखेरीस जरा उतरलेला असतो पण कड्यावर गार झोत असतोच. पदर मोकळा सोडून उडताना फोटो छान येतात पण खांद्याला आतून दोन पिना जास्तीच्या मारा, आणि निऱ्यांना एक मोठी पिन, ती विसरू नका. पहाटे साडेपाचला तिथे नेसवायला कुणी येणार नाही, ज्याचं त्याला यायला हवं. केस मोकळे ठेवायचा हट्ट करू नका, अंबाडा घाला. आणि कोल्हापुरी फक्त फोटोपुरती. इयाच्या मुख्य रस्त्यावर संगमरवरी फरशी आहे, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेली, त्यावर चामड्याचा तळ सरळ घसरतो. चालायला बूट, पिशवीत चप्पल.

नवऱ्यांचा एक स्वतंत्र प्रॉब्लेम असतो, म्हणजे तुमचाही असेल, रागावू नका. आमचे 'हे', फोटो म्हटलं की पासपोर्ट ऑफिसात उभे असल्यासारखे होतात. त्या बाईने दहा मिनिटं बघितलं आणि त्यांच्या हातात पदराचं टोक देऊन सांगितलं की उडून जाऊ देऊ नका. हाताला काम मिळालं आणि चेहरा आपोआप सुटला. तुम्ही पण हात कुठे ठेवू हे विचारत बसण्यापेक्षा काहीतरी धरा, बायकोचा हात धरलात तर अजून बरं.

ते लांब शेपटीवाले उडणारे ड्रेस तुम्हाला दिसले असतीलच, फ्लाइंग ड्रेस म्हणतात. भाड्याने मिळतात, मागून नाडीने आवळतात म्हणून कुणालाही बसतात, आणि एक मदतनीस ती शेपटी हवेत फेकून पटकन फ्रेमबाहेर पळतो. मजा म्हणून ठीक आहे, पण पैठणी असताना मी तरी वेगळे पैसे घालणार नाही. शंभर मीटरच्या गल्लीत एका वेळी तीन रंगांचे तेच ड्रेस उडत असतात, गंमतच वाटते बघायला.

हॉटेलच्या पूलमध्ये फोटो हवे असतील तर बुकिंगच्या वेळीच हॉटेलला विचारा की बाहेरचा फोटोग्राफर चालतो का. काही हॉटेल्स नाही म्हणतात, काही वेगळी फी लावतात. दुसऱ्याच्या हॉटेलात शिरायचं तर विसराच. ड्रोनचं पण तसंच, 250 ग्रॅमच्या आतला असला तरी कॅमेरा आहे म्हटल्यावर युरोपात नोंदणी लागते, आणि गर्दीवरून उडवायला तर बंदीच आहे, त्यामुळे तुमचा ड्रोन घरी ठेवा, हवाच असेल तर परवानगी असलेला फोटोग्राफर बघा. आक्रोतिरी म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन गाव, तिथल्या उत्खननात प्रोफेशनल शूट करायचं तर सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका, नुसतं बघून या, बघण्यासारखं आहे.

तुमच्या प्रवासात नाक्सोस किंवा मिलोस ही दुसरी ग्रीक बेटं पण असतील तर एक विचार करा की शूट तिथे का नको. नाक्सोसच्या बंदराला लागून पोर्तारा आहे, अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या देवळाचा नुसता संगमरवरी दरवाजा, समुद्राच्या कडेला एकटा उभा. मिलोसला साराकिनिको, पांढराशुभ्र ज्वालामुखीचा खडक, लाटांनी घडवलेला. मला विचाराल तर पैठणीला पोर्तारा जास्त शोभेल. पण निळा घुमट हवा म्हणूनच लोक जातात हे मला कळतं, आम्ही पण त्यासाठीच गेलो होतो.

राहिले आईबाबा. त्यांना पहाटे इयाला नेऊ नका, सगळा गाव पायऱ्यांचा आहे आणि त्या वेळी बसायला बहुतेक काही उघडलेलं नसतं. त्यांच्यासाठी वेगळं अर्ध्या तासाचं संध्याकाळचं सेशन फिरोस्टेफानीत घ्या, फिराहून काठाकाठाने चालत दहा-पंधरा मिनिटं, रस्ता हलक्या चढाचा. तिथलं तीन घंटांचं चर्च, निळा घुमट आणि मागे समुद्र, हे रस्त्यालगतच्या उंचवट्यावरून दिसतं, खाली उतरायची गरज नाही, आणि गर्दी इयाकडे गेलेली असते. बरेच फोटोग्राफर चार माणसांपर्यंत तोच दर लावतात, तेव्हा दोन सेशन एकाच माणसाकडून घेतो म्हणून भाव करून बघा. अमुदीच्या बंदरावर मासे खायला नेणार असाल तर इयाहून पायऱ्यांनी नको, सुमारे तीनशे आहेत, गाडीचा रस्ता आहे खालपर्यंत. तिथली गाढवं दिसली की बाबा म्हणतील बसू या, पण ती बिचारी आधीच दमलेली असतात, 2018 मध्ये सरकारला कायदा करावा लागला की 100 किलोच्या वर ओझं लादायचं नाही. आणि आईंना पण काठपदराचीच नेसायला सांगा, बायको पैठणीत आणि आई पंजाबी ड्रेसमध्ये असं झालं तर परत आल्यावर कुठला फोटो फ्रेम करायचा यावरून घरात काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.