थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया: बसने फिरताना व्हिसाचं कसं जमवायचं?

भाऊ, भुसावळहून निघून चारही देश बसने करायचे म्हणतोस, तर आधी सीमेवरचे नाके ठरव, हॉटेलं नंतर.

थायलंडमधून लाओसला जायला सीमेवरचं नोंग खाई हे थाई शहर सोपं. थाई खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, बसने मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडायचा आणि पलीकडे फॉर्म, फोटो, डॉलर देऊन व्हिसा घ्यायचा. डॉलर जळगावातूनच ने आणि करकरीत बघून घे. दुमडलेली, पेनाने खुणा केलेली नोट परत करतात.

खरी गोम व्हिएतनामची. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो, पण अर्जात कुठून आत शिरणार तो नाका निवडावा लागतो. त्यामुळे तो रस्ता पक्का झाल्यावरच अर्ज भर. पुढे व्हिएतनामच्या मोक बाई नाक्यावरून कंबोडियाला जाताना बसवाला सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि व्हिसाच्या पैशांवर आपले चार पैसे चढवतो. कंबोडियाच्या सरकारी साइटवरून ई-व्हिसा काढलेला असला की ती कटकट नाही.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आणि कोरी पानं भरपूर हवीत. मुंबईला चेक-इनवर परतीचं तिकीट मागू शकतात, तेही काढून ठेव.

बाकी लाओसमध्ये भाजलेल्या वांग्याचं ‘जेओ माक खुआ’ मिळतं, आपल्या भरताचा भाऊच! शाकाहारी असशील तर फिश सॉस नको म्हणून आधीच सांग.