लॉजिक सिग्नल उलटा करण्यासाठी एक ट्रान्झिस्टर पुरतो का?

5 व्होल्टचा सिग्नल उलटा करण्यासाठी, म्हणजे इनपुट वर असताना आउटपुट खाली आणण्यासाठी, एक ट्रान्झिस्टर पुरेल की आयसीच (तयार चिप) घ्यावी लागेल, असे आपण विचारले आहे. ट्रान्झिस्टर पुरतो. बीसी 547 या ट्रान्झिस्टरच्या बेस, कलेक्टर आणि एमिटर या तीन पायांपैकी बेसला 10 किलोओहमचा रेझिस्टर, कलेक्टरपासून 5 व्होल्टला 4.7 किलोओहम आणि एमिटर ग्राउंडला, एवढी जोडणी केली की इनपुट वर जाताच कलेक्टर, म्हणजे आउटपुट, 0.2 व्होल्टच्या आसपास खाली येतो. मात्र बेस आणि एमिटर यांच्यामध्ये आणखी एक 10 किलोओहम लावाच, कारण तो न लावल्याचे परिणाम मी भोगले आहेत.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी मागांची विद्युत दुरुस्ती पाहत असे. ताण्याचा धागा तुटला की सेन्सर 24 व्होल्ट देई. नव्या कंट्रोलरला मात्र माग थांबवण्यासाठी इनपुट खाली आलेले हवे होते. बेसला 22 किलोओहम घेऊन मी हीच जोडणी केली. पहिल्याच पाळीत, शेजारचा माग सुरू झाला की हा माग धागा शाबूत असतानाही थांबू लागला, आणि प्रत्येक थांब्याची आडवी रेघ टॉवेलवर उमटू लागली. ट्रान्झिस्टरवर माग चालत नसतात, असे सर्व कामगारांसमोर सुनावून वरिष्ठांनी तेथे रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, बसवला आणि खोटे थांबे बंद झाले.

तरीही त्यांचा निष्कर्ष चूकच होता. सेन्सर बंद असताना त्याची लांब वायर कोठेच बांधलेली नसे, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा झटका तिच्यात शिरून ट्रान्झिस्टर चालू करी. रिलेच्या कॉइलने ती वायर ग्राउंडला धरून ठेवली, एवढेच. पुढच्या मागावर मी वायरपासून ग्राउंडला 4.7 किलोओहम आणि बेस-एमिटरमध्ये 10 किलोओहम लावले. तो माग रिलेशिवाय नीट चालला. चूक माझ्या जोडणीची होती, ट्रान्झिस्टरची नव्हती. आपल्यालाही कोणी रिलेचा आग्रह केला, तर सिग्नल नसताना वायर कशाने खाली धरली आहे, हे आधी त्यांना विचारा.

वेगाविषयी सांगायचे तर 9600 बॉडपर्यंत, म्हणजे सेकंदाला 9600 बदलांपर्यंत, काळजी नको. सिग्नल मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ट्रान्झिस्टर बंद व्हायला उशीर लावतो, तेव्हा 74एचसी04 ही सिग्नल उलटा करणारी आयसी घ्यावी. आणखी एक, सेन्सरची वायरच तुटली तर माझ्या जोडणीत माग चालूच राहतो, म्हणून आपत्कालीन थांब्याचे बटण या मार्गाने कधीही जोडू नये.