वाचकांचे प्रश्न : पुंगळी पुन्हा भरली, तर पैसा वाचतो का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो .308 रायफलची काडतुसे घरीच भरतो. दुकानातले चांगल्या प्रतीचे काडतूस 2 डॉलरला पडते, स्वतः भरलेले 95 सेंटला, असा त्याचा हिशेब आहे. यंत्र, डाय (पुंगळी आवळून मापात आणायचा साचा), तराजू या सामानावर त्याने 630 डॉलर घातले. दिवाळीला येताना तसाच एक संच माझ्यासाठी आणतो म्हणतो. माझ्याकडे वडिलांपासून चालत आलेली परवान्याची .315 रायफल आहे आणि मुलगी .22 रायफलने 50 मीटरचा सराव करते. तिच्या काडतुसांचा खर्च आता झेपेनासा झाला आहे. आपल्याकडे हे परवडेल का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : भाच्याचा हिशेब खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या तळाचा प्रायमर (पिन आदळताच दारू पेटवणारी टिकली), दारू आणि गोळी. यांपैकी पुन्हा वापरता येते ती फक्त पुंगळी, बाकी तिन्ही दर वेळी विकतच आणावे लागतात. .308 च्या एका काडतुसाला साधारण 42 ग्रेन दारू धरली, तर 7000 ग्रेनच्या एका पौंडात 166 काडतुसे भरतात. पौंडाला 50 डॉलर धरले, तर दारूचेच 30 सेंट झाले. गोळीचे 45, प्रायमरचे 8 आणि आठ वेळा वापरायच्या 96 सेंटच्या पुंगळीचे 12 धरले, की 95 सेंट बरोबर जुळतात. म्हणजे प्रत्येक काडतुसामागे 1 डॉलर 5 सेंट वाचतात आणि सामानाचे 630 डॉलर वसूल व्हायला 600 काडतुसे उडवावी लागतात.

तुम्ही विट्याचे, तेव्हा गलाईतली (सोने-चांदी गाळण्यातली) घट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको; इथेही तशीच घट आहे. तांबट भांडे ठोकता ठोकता ते मध्येच भट्टीत का घालतो, तर ठोकून ठोकून पितळ ताठरते आणि तडकू लागते. पुंगळीचेही तसेच होते : प्रत्येक बाराला ती फुगते, भरताना डायमध्ये पुन्हा आवळली जाते, आणि काही फेऱ्यांनंतर तिच्या तोंडाशी केसाएवढी उभी चीर दिसू लागते. अशी पुंगळी निःसंकोच मोडीत टाकावी लागते, कारण .308 मध्ये दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जातो आणि तिथे काटकसर म्हणजे डोळ्यांशी खेळ आहे. शिवाय शंभर काडतुसे नीट तोलून भरण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. त्या वेळेची मजुरी भाच्याने धरलेलीच नाही.

त्याला एकदा विचारून पाहा की पूर्वी तो महिन्याला किती बार काढत असे आणि आता किती काढतो. पूर्वी 50 काढणारा माणूस स्वस्त पडते म्हणून 150 काढू लागला, तर 100 डॉलरचा महिना साडेबेचाळीस डॉलरने वाढतो, घटत नाही. तेवढ्याच पैशात सराव जास्त होतो, हे मात्र खरे, आणि माझ्या मते ही माणसे भरतात ती खरे तर आपल्या रायफलीला मानवेल असे, दर वेळी सारखे पडणारे काडतूस मिळावे म्हणून. महागड्या, दुर्मिळ बोअरमध्ये (नळीच्या मापात) बचतही मोठी असते. 9 मिमीसारख्या सर्रास मिळणाऱ्या मालात ती नावापुरती उरते.

आता तुमच्या घरचे. मुलीने उडवलेली .22 ची पुंगळी हातात घेऊन तिचा तळ पाहा : पिनेची चपटी खूण मध्यभागी नसून कडेवर असेल. या काडतुसात वेगळा प्रायमर नसतोच, पेट घेणारे मिश्रण तळाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि ती कड एकदा चेपली की संपली. त्यामुळे .22 पुन्हा भरण्याचा विचार तुम्ही सोडूनच द्यावा. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही याच .22 चा.

.315 ची पुंगळी मध्यभागी पेटणारी, म्हणजे पुन्हा भरता येण्याजोगी असली, तरी तिथे कायदा आडवा येतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही 'दारूगोळा' ठरतात. कलम 5 च्या भंगाला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. म्हणून तो संच भाच्याने विमानात चढवण्याआधीच त्याला फोन करून स्पष्ट नाही म्हणा. हे मी अगदी काळजीपोटी लिहितो आहे.

मुलीचा खर्च कमी करायचा, तर तिच्या प्रशिक्षकांशी बोलून सरावाची वाटणी बदला. उभ्याने धरायची पकड, श्वास आणि घोडा दाबणे यांचा बराचसा सराव रिकाम्या रायफलीवर होतो; मात्र .22 ची पिन रिकाम्या चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) कडेवर आदळून खराब होऊ शकते, म्हणून त्या रायफलीला कोरड्या सरावाची सोय आहे का, ते आधी पाहून घ्या. बाकीचा सराव 10 मीटरच्या एअर रायफलवर होऊ द्या, तिचा छर्रा .22 च्या काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. .22 ची काडतुसे स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यांसाठी राखा आणि परवान्याच्या मर्यादेत, शक्यतो एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) घ्या.