आधी पुरावा, मग वाक्य

प्रिय,

तुझी मेल मिळाली. 'हिलटॉप हूड्स' या ऑस्ट्रेलियन हिप हॉप बँडच्या विकिपीडिया लेखात तू रात्र जागून घातलेली भर सकाळी कुणीतरी काढून टाकली. आता भांडू की सोडून देऊ, असं तू विचारतोस. दोन्ही नको. आधी लेखाच्या इतिहासात जा आणि काढलेला मजकूर परक्या माणसासारखा वाच. मी वाचला.

'ऑस्ट्रेलियन हिप हॉप घराघरांत नेणारा सर्वांत प्रभावी समूह', असं तू लिहिलंस. असेलही. पण हे म्हणतंय कोण? तू. हे वाक्य तुला आधी सुचलं, आवडलं, आणि मग त्याला टेकू म्हणून तू दुवा शोधायला निघालास. मिळाला तो तिकिटं विकणाऱ्या पानाचा. अरे, तिथली स्तुती कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठीच लिहिलेली असते! आधी पुरावा, मग वाक्य. तुझा सगळा गोंधळ हा क्रम उलटल्यामुळे झालाय.

'द हार्ड रोड'चंच बघ. २००६ मध्ये आरियाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या, खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन हिप हॉप अल्बम, हे तुझं वाक्य खरं आहे. संदर्भ म्हणून तू त्या आठवड्याची यादी जोडलीस. यादीतून काय कळतं? अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, एवढंच. त्याआधी दुसऱ्या कुठल्याही ऑस्ट्रेलियन हिप हॉप अल्बमला हे जमलं नव्हतं, हे त्या यादीत कुठे लिहिलंय? त्यासाठी तसं स्पष्ट म्हणणारी बातमी किंवा पुस्तक हवं. वाक्यात दावे दोन आहेत, तर पुरावेही दोन लागतील.

२००३ च्या 'द कॉलिंग'बद्दलही तेच. अल्बमला 'गोल्ड', म्हणजे ठरावीक प्रतींचा टप्पा गाठल्याचा मान मिळाला, इथपर्यंत बरोबर. 'म्हणजे ३५ हजार चाहत्यांनी तो विकत घेतला', ही तुझी भर. ऑस्ट्रेलियात गोल्डचा आकडा ३५,००० आहे खरा, पण तेव्हा तो दुकानांकडे रवाना झालेल्या प्रतींवरून धरत. त्यातल्या किती चाहत्यांच्या हाती पडल्या, हे त्यावरून सांगता येत नाही. पुरावा जिथे थांबतो तिथे तूही थांब.

'द नोजब्लीड सेक्शन' हे त्यांचं गाणं ट्रिपल जे रेडिओच्या २००३ च्या 'हॉटेस्ट १००' या श्रोत्यांच्या मतांवरून ठरणाऱ्या यादीत नवव्या क्रमांकावर आलं, हे लिही. त्यात मेलनी या अमेरिकन गायिकेच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरलाय, हेही लिही. कार्यक्रमात ते सुरू झालं की अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात, हे मात्र नको. तू तिथे होतास, ठाऊक आहे मला. घरापासून इतक्या लांब, पहिल्याच हिवाळ्यात या गाण्यांनी तुला सावरलं, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा माझाही गळा दाटून आला होता. ते मला लिही, वहीत लिही. लेखात त्याला जागा नाही.

या हट्टापायी मी मराठी विकिपीडियावर माणसं दुखावली आहेत. एका वयस्कर गृहस्थांनी तमाशा कलावंतांवर आठवणीतून फार सुरेख लिहिलं होतं. मी त्यावर 'संदर्भ हवा' ही खूण लावली आणि ते परत कधी लिहायला आले नाहीत. त्याचं वाईट आजही वाटतं. पण ती खूण लावली ते योग्यच होतं. लोक म्हणाले, मराठीत आधीच लेख कमी, त्यात तुमचा हा काच. अहो, कमी आहेत म्हणूनच तर! शाळेतलं पोर तिथूनच वहीत उतरवून घेतं. चुकीचं उतरवलं तर ताडून बघायला त्याच्याकडे दुसरं काय असतं? मी तेव्हाही हेच म्हणत होते आणि आजही म्हणते.

असो. तू ॲडलेडमध्ये आहेस आणि बँड तिथल्याच ब्लॅकवूडचा. जगभरातल्या संपादकांना जे जमणार नाही ते तुला जमेल. नॉर्थ टेरेसवरच्या स्टेट लायब्ररीत जा. 'ॲडव्हर्टायझर' या तिथल्या वर्तमानपत्राचे जुने अंक मायक्रोफिल्मवर बघ. 'रिप इट अप' आणि 'डीबी मॅगझिन' ही संगीताची पत्रं शहरात फुकट वाटली जायची. ग्रंथपालांना त्यांच्या फायली विचार. १९९९ चा 'अ मॅटर ऑफ टाइम', २००१ चा 'लेफ्ट फूट, राइट फूट' हे अल्बम, हा त्यांचं नाव होण्याआधीचा काळ कागदावरच शोधावा लागेल. २००७ मध्ये ॲडलेड सिम्फनी ऑर्केस्ट्राला घेऊन त्यांनी 'द हार्ड रोड' नव्याने केला, त्यावर शहरात काय छापून आलं तेही काढ. बँडमधले रॅपर सफा आणि प्रेशर यांच्या मुलाखती मिळतील. ते कसे भेटले, हे त्यांच्या तोंडून चालेल. त्यांचा प्रभाव किती, हे दुसऱ्या कुणीतरी म्हटलेलं हवं.

छापील अंकाला दुवा नसला तरी चालतो. तारीख, पान, लेखाचं शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं तिथेच टिपून घे. 'नंतर बघू' म्हणू नकोस. आणि ज्याने मजकूर काढला त्याला चर्चा पानावर 'माझं का काढलंत' असं विचारू नकोस. 'या दाव्याला हा संदर्भ चालेल का' असं विचार.

मग एकच परिच्छेद धूळपाटीत, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिही आणि अंकाच्या पानाचा फोटो मला पाठव. मी आधी फोटो बघेन, मग परिच्छेद वाचेन.

तुझी,
ताई