पंधराव्या वर्षी आठवड्याला 80 किलोमीटर पळणं बरं का, असं विचारतोस?

बरं की वाईट, हे नुसत्या आकड्यावरून कुणी सांगू नये. मागच्या वर्षी किती पळत होतास, ते आधी सांग. दोन-तीन वर्षांत हळूहळू इथवर आला असशील तर गोष्ट वेगळी. पोलीस भरतीवाल्या मोठ्या पोरांच्या नादानं दोन महिन्यांत वाढवलं असशील, तर उद्यापासून निम्मं कर. त्यांना 1600 मीटर मारायचे असतात, तुझं अंग अजून वाढतंय.

या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, तिथूनच हाड वाढतं आणि तीच जागा नाजूक. नडगीच्या आतल्या कडेनं बोट दाबत जा. लांबवर ठसठसलं तर पळणं कमी कर. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ आली तर मात्र पळणं बंद, आणि हाडांचा डॉक्टर गाठ. ‘पळून पळून मोकळं होतंय’ म्हणणारे प्रत्येक मैदानावर भेटतात, त्यांचं ऐकू नकोस. सोबत पळणाऱ्या मुलींची पाळी लांबली, तर तीही तब्येतीची तक्रारच. बहुतेकदा खाणं कमी पडतं.

अविनाश साबळेचं नाव घेतलंस. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे नि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य. पण शर्यतीचा पद्धतशीर सराव त्यानं सैन्यात गेल्यावर, विशीत सुरू केला!

डांबरी रस्ता सोडून मातीवर पळ, मे महिन्यात उजाडायच्या आत आटप. भाकरीबरोबर मूठभर शेंगदाणे राहू दे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.