चावी फिरवली की नुसतं 'कट' वाजतं, सेल्फ बदलू का?

प्रश्न : आमच्याकडं वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर आहे. चावी मारली की कधी नुसतं 'कट' वाजतं, कधी तेवढंही नाही. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. सध्या खाली उभा राहून सेल्फची (स्टार्टर मोटरची) बारकी पिन आणि बॅटरीच्या वायरचा बोल्ट पान्यानं शॉर्ट करतो, मग एका झटक्यात चालू होतो. मेकॅनिक सेल्फ बदला म्हणतोय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, आधी तो पाना बंद करा. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर चालू होताच चालायला लागतो आणि तुम्ही नेमके मागच्या चाकाच्या पुढ्यात उभे असता, अशानं माणसं चिरडून गेलीत.

सेल्फ बदलू नका. पान्यानं जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, जाड केबल, अर्थिंग, सेल्फ सगळं ठीक आहे. खोट आहे ती चावीकडून त्या बारक्या पिनेपर्यंत येणाऱ्या वायरीत. शोधायचं एवढंच की करंट मधे कुठं अडतोय.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवा, सीटवर एकाला बसवा. व्होल्ट मोजायच्या मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल बारक्या पिनेला, आणि त्याला चावी मारायला सांगा, त्याच वेळी बॅटरीवर किती व्होल्ट राहतात तेही बघा. दोन्हीत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तसंच मागं मागं सरकत जा, न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणाऱ्या स्विचच्या) अलीकडं-पलीकडं, मग चावीच्या स्विचवर. जिथं आकडा एकदम पडतो तिथंच बिघाड. सेफ्टी स्विच क्लचजवळ असला तर चिखलपाणी खाऊन त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, पॉलिश पेपरनं घासा, ढिल्या झाल्या असतील तर बदला, पण तो स्विच वगळून वायरी थेट जोडून टाकू नका, तुमचा जीव त्याच्यावर आहे. चावीचे पॉइंट जळाले असतील तर स्विच नवा टाका आणि सोबत 12 व्होल्टचा रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या : त्याच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीवरून फ्यूज लावून वायर, 87 वरून सोलेनॉइडला (म्हणजे सेल्फच्या त्याच बारक्या पिनेला), 86 ला सेफ्टी स्विचमधून आलेली चावीची वायर, 85 अर्थला. मग सोलेनॉइडचा सगळा लोड चावीवर येत नाही. वायरी जोडताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.