दोन्ही हात, एकाच वेळी

प्रिय चिमणे,

रविवारी तुझ्या आईचा फोन आला होता. जिल्हा स्पर्धेत १०० मीटर ब्रेस्टमध्ये, म्हणजे आपल्या बेडूक-पोहण्यात, तुला बाद केलं आणि तेव्हापासून तुझी स्विमिंगची बॅग माळ्यावर गेली आहे म्हणे. निकालाच्या कागदावर तुझ्या नावापुढे वेळच नाही, नुसतं 'डीक्यू', म्हणजे बाद. बाराव्या वर्षी ते किती लागतं हे मला माहीत आहे. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या कागदावरही तेच होतं.

मी शिकले विहिरीत. कमरेला सुका भोपळा, दोरीचं टोक काठावर बसलेल्या आजोबांच्या हातात. बेडकासारखं पोहता येतं याचा मला कोण अभिमान! फक्त माझा उजवा पाय बाहेर वळायचाच नाही, कात्रीसारखा फिरायचा. विहिरीत ते कोण बघतंय? शहरातल्या तलावात पहिल्याच शर्यतीत पांढऱ्या कपड्यांतल्या एका पंच बाईंनी हात वर केला आणि मी बाद. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. पुढचे दोन महिने माझी समजूत अशी, की माझा पोशाख जुना होता म्हणून काढलं! तुझं तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

तुझ्या सरांशी बोलले. ५० मीटरच्या टर्नला तुझा उजवा हात आधी टेकला, डावा मागून आला. ब्रेस्ट आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. एक हात थोडा वर, एक खाली असला तरी चालतं, पण एकमेकांवर ठेवलेले चालत नाहीत. फ्रीस्टाइलला अंगाचा कुठलाही भाग टेकला तरी पुरतो, म्हणून तर तिथे फ्लिप, म्हणजे पाण्यात कोलांटी, मारून पाय लावतात. तू आठवडाभर फ्रीचेच सेट जास्त केलेस आणि हाताला तीच सवय लागली. गुन्हा एवढाच.

ब्रेस्ट हा चारांतला सगळ्यात कटकटीचा स्ट्रोक आहे. (माझा लाडकाही तोच.) डाइव्हनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली एकदाच हात मांड्यांपर्यंत मागे ओढता येतात. ब्रेस्टची पहिली किक मारण्याआधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशासारखी) चालते, दुसरी मारलीस की संपलं. त्यानंतर प्रत्येक वेळी हात एक, पाय एक, आणि पावलं बाहेर वळलेली. बाकीच्या तिन्ही स्ट्रोकना (फ्री, बॅक, बटरफ्लाय) पाण्याखालून १५ मीटरपर्यंत जाता येतं, डोकं त्याच्या आत वर आलं पाहिजे. त्यासाठीच लेनच्या दोरीवर तिथे वेगळ्या रंगाची खूण असते. बॅकला पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या ५ मीटर आधी डोक्यावर झेंड्यांची दोरी असते. झेंडे दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते सरावात मोजून ठेवायचं. आमच्या जुन्या टाकीवर झेंडे नव्हते. माझ्या टाळूवर अजून एक टेंगूळ आहे, पुढच्या वेळी दाखवीन.

तुला पहिल्याच हीटमध्ये (शर्यतीच्या पहिल्या तुकडीत), अगदी कडेची लेन दिली याचाही राग आलाय ना? त्यात वशिला नसतो. तुझी आधीची नोंदलेली वेळच नव्हती. ज्यांच्या वेळा नसतात ते आधीच्या हीटमध्ये जातात. आठ लेनच्या तलावात हीटमधल्या सगळ्यात वेगवान मुलीला चौथी लेन, मग पाचवी, तिसरी, सहावी असं बाहेर बाहेर जातं. आता वेळ लाव, लेन आपोआप मध्ये सरकेल. आणि तुझा गट जन्मवर्षावरून ठरतो. शेजारच्या लेनमधली मुलगी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असू शकते, उंचीला घाबरू नकोस.

शिट्ट्या पाठ कर. बारीक बारीक शिट्ट्या म्हणजे तयार व्हा, टॉवेल बाजूला. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर, उडी मारायच्या ओट्यावर, चढा. बॅक असेल तर पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं आणि दुसरीला येऊन भिंत धरायची. 'टेक युवर मार्क्स' ऐकलं की पुतळा व्हायचं. सुटायच्या आवाजाआधी निघालेल्याला दुसरी संधी मिळत नाही.

आता तुला आवडणार नाही असं बोलते. तुझी आई म्हणाली, नवा महागडा स्विमसूट घ्यायचा विचार आहे. नको. २०१० पासून ते अंगभर रबरी सूट जागतिक स्पर्धांतून बंद झाले. उरलेल्या सुटांतला फरक तुझ्या वयाला कळण्याइतका नाही. त्या पैशांत दोन चांगले गॉगल घे. एक शर्यतीच्या सकाळी तुटतोच.

वेळ कमी करायची असेल तर भिंतीजवळ शोध. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य त्याने आणलं. त्याआधी आपल्याला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक १९८६ मध्ये मिळालं होतं, खजानसिंगचं. तोच वीरधवल २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीच्या फायनलमध्ये २२.४७ सेकंदांत आला आणि चौथा ठरला. तिसऱ्याची वेळ २२.४६. हिशेब कर: त्या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात माणूस जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर जातो. तुझ्या अंगठ्याएवढं अंतर. म्हणून शेवटच्या ५ मीटरमध्ये शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. फ्री असेल तर श्वासही घ्यायचा नाही, आणि भिंतीला नेहमी ताणलेल्या हाताने जायचं. वाकलेल्या कोपराने भिंत गाठलीस तर तेवढं अंतर तू फुकट पोहलीस.

सरावात हे करायला कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. सर 'आठ शंभर, दोन मिनिटांवर' म्हणतात तेव्हा शंभर मीटर आठ वेळा, दर दोन मिनिटांनी निघायचं असतं. तू १:४५ मध्ये आलीस तर १५ सेकंद तुझे. ते १५ सेकंद गप्पांत घालवण्याआधी घड्याळाचा काटा वाच, स्वतःची वेळ स्वतः सांग. आणि त्या आठांतल्या प्रत्येक टर्नला, दमलेली असलीस तरी, दोन हात. स्पर्धेत दमलेला हात सरावातलंच करतो. लेनमध्ये पुढचीच्या मागून ५ सेकंद सोडून नीघ. पुढे जायचं असेल तर पायाला हलकं टोच आणि भिंतीपाशी पुढे जा, मध्येच घुसू नकोस.

आणखी एक, फक्त तुझ्यासाठी. येत्या एक-दोन वर्षांत शरीर बदलेल, उंची वाढेल, आणि कदाचित वेळ तिथेच अडकून राहील, क्वचित वाढेलही. चौदाव्या वर्षी अशा कितीतरी मुली तलाव सोडतात आणि आई-बाबांना वाटतं, मुलगी आळशी झाली. अंगाची नवी लांबी पाण्यात सावरायला वेळ लागतो, एवढंच असतं ते. पाळीच्या दिवसांत पोहायचं की नाही हे तू ठरव. कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येतं, आईला विचार, मला विचार. नाही वाटलं तर सरांना सरळ 'आज नाही' म्हण, कारण द्यायची गरज नाही. पण खांदा दुखत असेल तर ते लपवायचं नाही. ब्रेस्टवाल्यांचा गुडघाही बोलतो. दुखण्यावर बाम चोळून सेट पूर्ण करण्यात काही बहादुरी नाही, माझा डावा खांदा आजही पावसाळ्यात कुरकुरतो.

पहाटे उपाशी पोटी उतरू नकोस. केळं, नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, आणि वर आल्यावर अर्ध्या तासात पोहे, अंडी, काहीतरी खरं जेवण. बाबांना माझा निरोप दे: स्टॉपवॉच घेऊन काठावर धावू नका, तुमची वेळ आणि सरांची वेळ कधीच जुळत नाही आणि पोरगी दोघांकडे बघत बसते.

सोमवारी साडेपाचला मी तुमच्या तलावावर येते आहे. बॅग माळ्यावरून काढ आणि स्विमसूटला वास येत असेल तर आजच धू. आपण पोहायचंच नाही फारसं. १० मीटरवरून भिंतीपर्यंत, दोन हात, वळण, पुन्हा मागे, असं पन्नास वेळा. तिसऱ्या लेनच्या टोकाची फरशी फुटलेली आहे, तिथे बोट कापतं, म्हणून चौथी लेन धरून ठेव.

तुझी,
मावशी